नावांचा भुकेला मेंढपाळ : झाँ मास्यू

परकी भाषा शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या पंधरा दिवसांतली अवस्था मोठी गमतीची असते. मिसरूड फुटलेला, वर्तमानपत्रातील अग्रलेखावर तावातावाने वाद घालणारा मुलगा फ्रेंचच्या वर्गात शिरला की पुन्हा पाटीपेन्सिल घेऊन बसतो. हे टेबल आहे. टेबल गोल आहे. हा कुत्रा आहे. कुत्रा मोठा आहे, उंदीर लहान आहे. मांजर काळे आहे. असली वाक्ये मोठ्याने म्हणताना मागच्या बाकांवर हसू फुटते. एवढे साधे काय शिकायचे, असे प्रत्येकालाच वाटून जाते.

पण आपल्याला ते साधे वाटते, याचे कारण आपल्यापाशी मराठी असते. मांजर म्हणजे काय आणि काळे म्हणजे काय, हे आपण पाळण्यात असतानाच शिकून बसलेलो असतो. फ्रेंच शब्द तेवढा नवा. तो आपण मराठीच्या खुंटीला अडकवून ठेवतो. आता कल्पना करा, की ही खुंटीच नाही. विद्यार्थी तेरा-चौदा वर्षांचा आहे, चांगला हुशार आहे, गाय, बैल, घोडा, मेंढी यांना तो तुमच्याआमच्यापेक्षा अधिक जवळून ओळखतो. पण जगात कशालाही नाव असते हेच त्याला ठाऊक नाही. त्याची पहिली भाषा फ्रेंचच आणि तीही डोळ्यांनी शिकायची. अशा विद्यार्थ्याला हा कुत्रा आहे, हे वाक्य कसे शिकवावे?

हा प्रश्न दोन शतकांपूर्वी फ्रान्समध्ये खरोखर उभा राहिला होता. त्या विद्यार्थ्याचे नाव झाँ मास्यू. एके काळी त्याला पाहायला पॅरिसमध्ये मोठमोठे लोक गर्दी करीत. आपल्याकडे मात्र हे नाव क्वचितच कानावर येते. म्हणून त्याची हकीगत येथे सांगावीशी वाटते.

मास्यूचा जन्म १७७२ साली बोर्दो शहराच्या परिसरातील सेमाँ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती गरिबीची. आईबापांना ऐकू येत होते, बोलता येत होते. पण त्यांची सहा मुले, तीन मुलगे आणि तीन मुली, जन्मतःच बहिरी निघाली. झाँ त्यांतला एक. त्या काळी बहिऱ्या मुलाला सर्रास मुका म्हणत आणि मुक्याला वेडा समजत. वास्तविक अशा मुलाचा गळा धड असतो, बुद्धी धड असते; शब्द कानावर पडत नाहीत म्हणून ते तोंडी येत नाहीत, इतकेच. पण हे समजून घेण्याइतकी सवड आणि समज त्या खेड्यात कोणाला असणार?

तरीही या सहा भावंडांचे घर मूक नव्हते. त्यांनी आपापसांत हातवाऱ्यांच्या खुणा तयार केल्या होत्या. भूक, पाणी, आई, बैल, उद्या, मार, सारे काही त्या खुणांत सांगता येई. घरच्यांना ते कळे, शेजाऱ्यांनाही बरेचसे कळे. गावाबाहेरच्या माणसाला मात्र काहीच उमगत नसे. पुढे फ्रेंच लिहिता येऊ लागल्यावर मास्यूने आपल्या बालपणाची हकीगत स्वतः लिहून ठेवली. तीत त्याने सांगितले आहे, की तो गुरे, घोडे, गाढवे, डुकरे, कुत्री, मांजरे, भाज्या, घरे, शेते, द्राक्षांचे मळे हे सगळे नुसते पाहत असे आणि पाहिलेले नीट ध्यानात ठेवीत असे. चित्रे मनात साठत होती. त्यांच्याखाली लिहायला नावे तेवढी नव्हती.

त्याच्याकडे मेंढ्या राखण्याचे काम होते. मेंढ्या राखायच्या म्हणजे मोजायला हव्यात. मोजणे त्याला त्याच्या बोटांनी शिकविले. दहापर्यंत बोटे पुरत. त्यापुढे गेले की तो काठीवर चाकूने खाच पाडी. कोणी न शिकविता एका अशिक्षित पोराने गणिताची पहिली पायरी अशी एकट्याने ओलांडली होती. सकाळ-संध्याकाळ बाप त्याला गुडघे टेकून प्रार्थना करायला लावी. हात जोडून, ओठ हलवून तोही इतरांसारखे करी. पण ही प्रार्थना कोणाची, हे त्याला कोण सांगणार? वरच्या आकाशालाच आपण नमस्कार करतो आहोत, अशी त्याची समजूत होती.

गावातली इतर मुले-मुली शाळेत जाताना तो पाहत असे. शाळेत काय होते ते त्याला माहीत नव्हते. पण ती मुले पुस्तकात पाहतात आणि त्यांना काहीतरी मिळते, जे आपल्याला मिळत नाही, एवढे त्याने हेरले होते. त्याने बापाकडे शाळेचा हट्ट धरला. एक पुस्तक घेतले, ते उलटे धरून उघडले, मग काखेत मारून शाळेला निघाल्याचा आव आणला. बापाने खुणेने सांगितले, की तू बहिरा आहेस, तुला काही शिकता येणार नाही. त्यावर तो रडला आणि कानांत बोटे घालून त्याने बापाला विनविले, की हे कान साफ कर. कानांत काहीतरी अडकले आहे, ते काढले की आपणही इतरांसारखे होऊ, असा त्याचा भाबडा समज. बापापाशी यावर उपाय नव्हता. मग एके दिवशी हा मुलगा घरी न सांगता आपणच शाळेत जाऊन उभा राहिला आणि मास्तरांना खुणांनी म्हणाला, मला लिहा-वाचायला शिकवा. मास्तरांनी त्याला हाकलून दिले. घरी येऊन त्याने लेखणी घेतली आणि अक्षरांसारखे काही आकार एकट्यानेच गिरवून पाहिले. ज्ञानाची इतकी तहान असलेला विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला नको असेल? पण त्याचा शिक्षक अजून यायचा होता.

या सुमारास पॅरिसमध्ये एक नवी गोष्ट घडून गेली होती. आबे द लेपे नावाच्या पाद्र्याने बहिऱ्या मुलांसाठी स्वतःच्या घरी शाळा काढली होती. गरिबांच्या मुलांना तेथे फुकट शिकवीत. बहिऱ्यांच्या हातखुणा ही टाकाऊ वस्तू नसून तिच्याच आधारे त्यांना लिहिता-वाचता येईल, हे लेपे यांनी जगाला दाखविले. त्यांच्या पद्धतीत एक उणीव मात्र होती. फ्रेंच व्याकरणातल्या प्रत्येक प्रत्ययासाठी त्यांनी एकेक खूण ठरविली होती. त्या खुणा पाहून मुले लांबलचक वाक्ये बिनचूक उतरवून काढीत. पण स्वतःच्या मनातली साधी गोष्ट लिही म्हटले की अडखळत. श्रुतलेखन उत्तम आणि निबंध कोरा, असा प्रकार.

बोर्दोच्या आर्चबिशपांनी रोश-आँब्रवाज सिकार नावाच्या तरुण पाद्र्याला लेपे यांच्याकडे ही विद्या शिकायला पाठविले. ते परतल्यावर १७८६ साली बोर्दोत बहिऱ्यांची शाळा सुरू झाली. मेंढ्या राखणाऱ्या मास्यूची एका सद्गृहस्थाशी गाठ पडली, त्याला या मुलाची दया आली आणि त्याने सिकार यांच्या कानावर ही गोष्ट घातली. अशा रीतीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मास्यू अखेर शाळेत पोहोचला. या शाळेत सँ-सेर्नँ नावाचे दुसरे एक शिक्षक होते. मास्यूच्या शिक्षणाचा बराच भार त्यांनी उचलला; पण पुस्तक सिकार यांनी लिहिले, त्यामुळे नाव सिकार यांचे झाले. जगात असे पुष्कळदा होते.

१८०० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात सिकार यांनी एका जन्मबधिर विद्यार्थ्याला आपण कसे शिकविले त्याचा सविस्तर वृत्तांत दिला आहे. तो विद्यार्थी म्हणजे मास्यूच. सुरुवात रोजच्या वापरातल्या वस्तूंपासून झाली. सिकार यांनी वस्तू समोर मांडल्या आणि फळ्यावर त्यांची चित्रे काढली. कोणत्या वस्तूचे कोणते चित्र, हे मास्यूने तत्काळ ओळखले. त्यात त्याला काही नवल वाटले नाही. मग सिकार यांनी प्रत्येक चित्राला लागून त्या वस्तूच्या नावाची अक्षरे लिहिली आणि चित्र पुसून टाकले. फळ्यावर उरली नुसती अक्षरे. मास्यू गोंधळला. किल्लीचे चित्र किल्लीसारखे दिसते, हे समजण्यासारखे आहे. पण या वाकड्यातिकड्या रेघांचा किल्लीशी काय संबंध? तेव्हा सिकार यांनी त्याला एक चमत्कार दाखविला. वाचता येणाऱ्याला ती अक्षरे दाखविली, की तो जाऊन नेमकी तीच वस्तू घेऊन येई. मास्यू पाहतच राहिला. या रेघांत वस्तू लपलेली असते आणि ज्याला हे गुपित कळते त्याला ती सापडते, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आले. उलट्या धरलेल्या पुस्तकाचे कोडे सुटले.

यानंतर त्याला नावांची जी भूक लागली ती विलक्षण होती. दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून तो नाव मागू लागला. घर संपले, शाळा संपली, तेव्हा गुरुशिष्य बाहेर पडले. फळबागेत जाऊन एकेका फळाचे नाव घेतले. रानात जाऊन ओक आणि एल्म यांतला, विलो आणि पॉप्लर यांतला भेद पाहिला आणि त्यांची नावे टिपली. टिपायला वह्या आणि पेन्सिली पुरेनात. ज्या प्राण्यांबरोबर आपण लहानाचे मोठे झालो, त्या बैलाला, मेंढीला, घोड्याला, गाढवाला नाव आहे आणि ते आपल्याला लिहिता येते, याचा त्या मेंढपाळ पोराला केवढा आनंद झाला असेल! जणू लहानपणापासून त्याच्या मनाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांखाली कोणीतरी एकामागून एक नावे लिहीत चालले होते.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता, हे विसरता कामा नये. सिकार शब्द देत आणि मास्यू त्या वस्तूची आपली खूण त्यांना देई. घोड्याची खूण, झाडाची खूण, धावण्याची खूण सिकार यांना त्या पोराकडूनच शिकावी लागली. त्याशिवाय पुढचा धडा समजावून सांगणार कसा? शिक्षकाला आधी विद्यार्थ्याची भाषा शिकावी लागते, हे साधे तत्त्व तेथे रोज आचरणात येत होते.

नावे झाली, आता वर्णन. टेबल गोल आहे, घोडा काळा आहे, हे कसे सांगायचे? गोल, काळा, लाल या वस्तू नव्हेत. त्या उचलून हातात देता येत नाहीत. लाल कागद दाखवून लाल हा शब्द लिहिला, तर मुलगा ते कागदाचेच दुसरे नाव समजेल. येथे सिकार यांनी जी युक्ती काढली ती आजच्या शिक्षकांनीही कौतुक करावे अशी आहे. त्यांनी वेगवेगळ्या रंगांचे कागद घेतले. फ्रेंचमध्ये कागदाला पापिए म्हणतात. या शब्दात सहा अक्षरे आहेत. लाल म्हणजे रूज, त्यात पाच. सिकार यांनी पापिएची सहा अक्षरे मोठी आणि सुटी सुटी लिहिली. त्यांच्यामध्ये पाच फटी राहिल्या. त्या पाच फटींत रूजची पाच अक्षरे लहान आकारात एकेक करून बसविली. आपल्या मराठीतही हा खेळ करून पाहता येतो. कागद हा शब्द सुटा लिहा आणि त्याच्या दोन फटींत लाल या शब्दाची दोन अक्षरे घाला. का-ला-ग-ल-द असे काहीतरी विचित्र तयार होते. ते वाचायचे नसते, पाहायचे असते. लाली कागदाच्या आत भिनलेली आहे, तिला कागदापासून वेगळे काढता येत नाही, हे डोळ्यांना दिसावे म्हणून ही योजना. मग दुसऱ्या ओळीत ती लहान अक्षरे बाहेर काढून कागदाच्या शेजारी लिहायची आणि दोन्ही शब्द एका रेघेने जोडायचे. शेवटी त्या रेघेच्या जागी आहे हे क्रियापद. कागद लाल आहे. विशेष्य, विशेषण आणि दोहोंना जोडणारा दुवा यांचे नाते आपण व्याकरणाच्या तासाला पाठ करतो. मास्यूने ते डोळ्यांनी पाहिले.

फ्रेंच भाषेत याहूनही अवघड घाट आहेत. आपल्याकडे काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर असे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्येही बदलते, नपुंसकलिंग तेवढे नाही. टेबल स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, याला काही तर्क नाही. ऐकणारे मूल ते कानाने उचलते. चुकीचे लिंग त्याच्या कानाला खटकते. ज्याला कानच नाही त्याला एकेका शब्दाचे लिंग पाठ करावे लागते. शिवाय नामाआधी येणारी ती उपपदे. कोणताही एक घोडा, हाच तो घोडा आणि एकूण घोड्यांची जात, यांचा फरक फ्रेंचला त्या एवढ्याशा शब्दांत दाखवावा लागतो. मास्यूने हे सगळे घाट चढून पार केले आणि स्वतःची वाक्ये स्वतः रचायला लागला. लेपे यांच्या शाळेतील मुले जेथे अडखळत होती, तेथून तो पुढे गेला.

लेपे १७८९ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या जागी सिकार यांची निवड झाली आणि त्यांच्याबरोबर मास्यूही पॅरिसला आला. १७९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला तेथे साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. बहिऱ्या माणसाने बहिऱ्यांना सरकारमान्य शाळेत पगारी शिक्षक म्हणून शिकवावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. ज्याला गावच्या मास्तरांनी हाकलून दिले तो आता स्वतः मास्तर झाला. तेव्हा येथून पुढे आपणही त्यांना अहोजाहो करणेच योग्य.

पॅरिसमध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. पाद्री म्हटला की संशयित, असे दिवस आले. १७९२ च्या ऑगस्टअखेर सिकार यांना अटक झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांवर तर आकाशच कोसळले. तेव्हा वीस वर्षांचे मास्यू पुढे झाले. त्यांनी आपल्या हाताने अर्ज लिहिला आणि ३१ ऑगस्टला इतर विद्यार्थ्यांसह ते विधिमंडळासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा अर्ज तेथे वाचून दाखविण्यात आला. ज्यांनी आम्हांला शिकविले ते आम्हांला बापाच्या ठिकाणी आहेत, त्यांना आम्हांला परत द्या, असा त्याचा आशय होता. सभागृहाने टाळ्या वाजविल्या, चौकशीचे हुकूमही सुटले. पण सुटका झाली नाही. दोनच दिवसांनी तुरुंगांतील कैद्यांची कत्तल सुरू झाली. सिकार यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याबरोबरची माणसे कापली गेली. मोनो नावाचा एक घड्याळजी मध्ये पडला, आपली छाती पुढे करून त्याने जमावाला थोपविले, म्हणूनच ते वाचले आणि ४ सप्टेंबरला सुटले. अर्जाने दरवाजा उघडला नाही, हे खरे. पण सहा वर्षांपूर्वी ज्याला किल्ली हा शब्द ठाऊक नव्हता त्याने राष्ट्राच्या सभेपुढे लेखी दाद मागावी, ही गोष्ट लहान नाही. शब्द कशासाठी शिकायचे, याचे याहून मोठे उत्तर कोणते?

वादळ शमल्यावर पॅरिसच्या सँ-जाक रस्त्यावरील या संस्थेत सिकार यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. ठरलेल्या दिवशी दिवाणखाना भरून जाई. सरदार, लेखक, परदेशी प्रवासी येत. १८०५ साली खुद्द सातवे पोप पायस येऊन गेले. प्रेक्षकांतून कोणी प्रश्न विचारी, सिकार तो खुणांनी सांगत आणि मास्यू खडू घेऊन फळ्यावर उत्तर लिहीत. आशा आणि इच्छा यांत भेद काय, अनंतकाळ म्हणजे काय, कृतज्ञता म्हणजे काय, असे ते प्रश्न असत. कृतज्ञतेची त्यांनी केलेली छोटीशी व्याख्या पुढे फ्रेंच भाषेत म्हणीसारखी रुळली. ती एका बहिऱ्या शिक्षकाची आहे हे मात्र बहुतेकांना माहीत नसते. जो मुलगा लाल कागदापासून लाली वेगळी काढायला शिकला, तोच आता माणसाच्या मनापासून कृतज्ञता वेगळी काढून तिचे वर्णन करीत होता. वस्तूंच्या वर्णनाचा पहिला धडा कोठवर नेऊ शकतो, ते यावरून कळते.

या प्रयोगांना दुसरी बाजूही होती. त्यांत नाटकाचा अंश बराच होता. विद्यार्थी मंचावर, गुरू सूत्रधार आणि टाळ्या बहुधा गुरूला. सिकार हे विद्वान आणि तळमळीचे खरे, पण प्रसिद्धीची हौसही त्यांना दांडगी होती. मास्यूंना असली हौस नव्हती. ते साधे, काहीसे बालस्वभावाचे. घड्याळांचे त्यांना फार वेड. एकाच वेळी तीन-चार घड्याळे अंगावर बाळगून ते हिंडत आणि भेटेल त्याला कौतुकाने दाखवीत. लोक हसत, त्यांना त्याचे काही वाटत नसे.

याच इमारतीत १८०० साली आव्हेराँच्या जंगलात सापडलेला एक मुलगा आणून ठेवला होता. त्याला ऐकू येत होते, पण भाषा येत नव्हती. इतार नावाच्या डॉक्टरांनी त्याला वस्तूंची नावे शिकविण्यासाठी अनेक वर्षे घालविली. पुस्तक हा शब्द दाखविला की तो पुस्तक आणी; पण शिकविताना वापरलेले तेच एक पुस्तक. दुसरे कोणतेही पुस्तक त्याच्या लेखी पुस्तक नव्हते. खूप प्रयासाने तो एवढी पायरी ओलांडू शकला. पण भाषा अशी त्याला अखेरपर्यंत आली नाही. मास्यू आणि हा मुलगा यांची तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही. मास्यूंच्या पाठीशी पाच भावंडे होती आणि त्या भावंडांची हातखुणांची भाषा होती. फ्रेंच शब्दांआधी अर्थ तेथे रुजला होता. जंगलातल्या त्या पोराला खुणेने बोलायलाही कोणी नव्हते.

मास्यूंचे खरे काम मंचावर झाले नाही. ते वर्गात झाले. १७९७ साली लोराँ क्लेर नावाचा बारा वर्षांचा बहिरा मुलगा या संस्थेत आला. लहानपणी आगीत पडल्यामुळे त्याच्या गालावर व्रण होता. मास्यूंनी त्याला शिकविले आणि तो पुढे त्यांचा सहकारी शिक्षक झाला. १८१५ साली नेपोलियन एल्बाहून परतला, तेव्हा सिकार या दोघांना घेऊन लंडनला गेले. तेथेही प्रयोग झाले, उत्तरांचे पुस्तक निघाले. तेथेच त्यांना टॉमस गॅलोडेट हा अमेरिकन तरुण भेटला. बहिऱ्यांना शिकविण्याची विद्या मिळवायला तो इंग्लंडमध्ये आला होता. पण तेथील शाळांनी आपली पद्धत गुपित ठेवण्याच्या अटी घातल्याने तो निराश झाला होता. पॅरिसच्या मंडळींनी त्याला मोकळ्या मनाने बोलाविले. १८१६ साली पॅरिसमध्ये त्याने मास्यू आणि क्लेर यांच्याकडे धडे घेतले आणि परत जाताना क्लेरला बरोबर नेले. १५ एप्रिल १८१७ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड येथे बहिऱ्यांची शाळा उघडली. आज अमेरिकेतील कर्णबधिर जी खुणांची भाषा वापरतात तिच्यात फ्रेंच खुणांचा मोठा वारसा आहे. मास्यू स्वतः अमेरिकेला गेले नाहीत; त्यांचा विद्यार्थी गेला. शिक्षकाचे पोहोचणे असेच असते.

१० मे १८२२ रोजी सिकार वारले आणि मास्यूंचे दिवस फिरले. बत्तीस वर्षे ते या संस्थेत शिकवीत होते. पण प्रमुखाची जागा त्यांच्याकडे आली नाही. उलट त्यांच्या वागणुकीविषयी ठपका ठेवून १८२३ साली त्यांना संस्था सोडायला लावण्यात आले. ज्यांच्या नावावर दिवाणखाने भरत होते ते पन्नाशीच्या घरात बेकार होऊन बाहेर पडले. इतकी वर्षे टाळ्या वाजविणाऱ्यांना त्यांचे नवल वाटत होते. आदर कितपत वाटत होता, असा प्रश्न येथे मनाला टोचतो. नवल ओसरायला वेळ लागत नाही.

पण मास्यू खचले नाहीत. दक्षिणेकडील रोदेझ गावच्या बहिऱ्यांच्या शाळेने त्यांना बोलाविले. तेथे त्यांनी पुन्हा खडू हाती घेतला. तेथेच त्यांनी ऐकू येणाऱ्या एका स्त्रीशी लग्न केले, मुलेबाळे झाली. पुढे उत्तरेकडील लील शहरी जाऊन त्यांनी बहिऱ्यांच्या शाळेची उभारणी केली. म्हणजे बापाने तुला शिकता येणार नाही म्हणून सांगितलेल्या मुलाने उतारवयात स्वतःची शाळा काढली. १८४६ साली लील येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे चौतीस वर्षांनी, १८८० साली, मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. जमलेले शिक्षक जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करावी आणि मुलांना केवळ ओठ वाचून बोलायला शिकवावे, असा ठराव त्यांनी केला. परिणाम असा झाला, की देशोदेशींच्या शाळांतून मास्यूंसारख्या बहिऱ्या शिक्षकांना काढून टाकण्यात आले आणि खुणा करणाऱ्या मुलांचे हात धरून ठेवण्यात येऊ लागले. तो ठराव चुकीचा होता, अशी खेदाची कबुली त्याच नावाच्या परिषदेने २०१० साली व्हँकूवर येथे दिली. एकशे तीस वर्षे गेली. त्या वर्षांत किती मास्यू आपापल्या गावी मेंढ्याच राखत राहिले असतील, त्याचा हिशेब कोणत्या काठीवर खाचा पाडून ठेवायचा?

मास्यूंचे हे चरित्र वाचल्यावर आपल्या फ्रेंचच्या पहिल्या धड्याकडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते. हा कुत्रा आहे, कुत्रा मोठा आहे, या वाक्यांत हसण्यासारखे काही नाही. एखाद्या वस्तूला नाव देणे, मग तिच्यातला गुण वेगळा काढून पाहणे आणि पुन्हा तो तिला जोडणे, एवढ्यात विचार करण्याची सारी कला सामावली आहे. आपल्याला ती आईच्या मांडीवर फुकट मिळाली, म्हणून तिची किंमत कळत नाही. मास्यूंनी ती बापाकडे रडून मागितली, मास्तरांकडे मागितली, दोन्हीकडून नकार घेतला आणि तरीही मागत राहिले.

शिक्षकांसाठीही या कथेत एक सांगणे आहे. पाठीमागच्या बाकावर एखादा मुलगा पुस्तक उलटे धरून बसलेला दिसला, तर त्याला हाकलण्याआधी क्षणभर थांबावे. पुस्तक उलटे असेल, पण त्याने ते उघडलेले आहे.